सव्वाअकराची हिरडेमाळ

घाट सुरू झाला की माझे डोळे मिटायला लागतात. धड मिटत नाहीत आणि धड उघडेही राहत नाहीत. खिडकीतून मार्गशीर्षातलं ऊन मांडीवर येतं, काचा खडखडत राहतात, मागच्या सीटवरच्या कुणाच्या तरी पिशवीतून मेथीचा वास येतो. मी झोपलेली नाही, नुसती बसले आहे, असं मी स्वतःला बजावत असते आणि तेवढ्यात कपाळ खिडकीच्या गजावर आपटतं.

"बाई, हितं कोन येतंय का?"

मी डोळे उघडते. डोक्यावर पदर, कमरेला टोपली टेकवलेली एक बाई उभी आहे. माझ्या शेजारच्या जागेवर रुमाल टाकलेला आहे, त्याच्याकडे ती बघते आहे. आज गुरुवार, तालुक्याचा बाजार, हे घरून निघताना माझ्या लक्षातच आलं नाही. एरवी मी बाजाराचा वार टाळते. आज गाडी गच्च भरली आहे, दाराच्या पायरीपर्यंत माणसं उभी आहेत, आणि माझ्या शेजारी एक रुमाल आरामात बसला आहे.

"येतायत," मी म्हणते. "पुढच्या थांब्यावर."

"तीन थांबं झालं की." ती रागावलेली नाही, नुसतं सांगते आहे. "बरं, येऊ द्या." आणि दांडीला धरून उभी राहते.

मी बाहेर बघायला लागते. कान तापलेत. पुढच्या थांब्यावर कुणी येणार नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सव्वा वर्ष झालं, कुणी येत नाही.

ही सव्वाअकराची हिरडेमाळ. तालुक्याच्या स्टँडवरून निघते, हात दाखवेल तिथे थांबते, दीडच्या सुमाराला हिरडेमाळला पोचते. तिथे डांबर संपतं. पुढे पायवाट आणि तिवईचा डोंगर, तीन पायांची तिवई उलटी करून ठेवावी तशी त्याची तीन शिखरं. ड्रायव्हर देवळापाशी गाडी वळवतो, पाणी पितो आणि वीस मिनिटांनी तीच गाडी परत निघते. या गाडीने मी सव्वा वर्षात सात वेळा हिरडेमाळला आले आहे आणि एकदाही खाली उतरलेले नाही.

पहिल्या खेपेला मेंगाळ कंडक्टर म्हणाले, "बाई, शेवटचा थांबा, उतरा." मी म्हटलं, मला परत जायचंय. "मंग आल्या कशाला?" ते म्हणाले. अगदी रास्त प्रश्न होता, म्हणून मला त्यांचा फार राग आला. आता ते विचारत नाहीत.

रुमाल वैजूचा आहे. वैजू म्हणजे वैजयंती धारप, टेलिफोन खात्यातली ऑपरेटर. मी प्रमिला, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. आम्ही दोघी छत्तीस वर्षं डोंगर हिंडलो, आणि सगळे एसटीने. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं, पण सगळ्यांचेच रुमाल पांढरे, म्हणून भांडणं होतात. वैजू रुमालाच्या एका कोपऱ्याला गाठ मारायची. "गाठवाला आमचा," असं एकदा म्हणाली की समोरचा गप्प. तिचं शेवटचं सगळं सामान तिच्या सुनेने मला विचारून वाटून टाकलं. मी दोनच गोष्टी मागितल्या, हा रुमाल आणि गाड्यांची वही. वही आत्ता माझ्या मांडीवर आहे. का आणते दर वेळी, ते विचारू नका.

डोळे परत जड होतात. गाडी दुसऱ्या गिअरवर कण्हत चढते आहे. माझ्या बाजूला दरी. ऊन डोळ्यांच्या पापण्यांतून लाल दिसतं.

खिडकीतून एक रुमाल आत येतो.

दरीच्या बाजूने येतो, अलगद, आणि शेजारच्या रुमालावर जाऊन पडतो. त्यालाही गाठ आहे. दरीतून कोण रुमाल टाकणार, असा प्रश्न मला पडत नाही. आली एकदाची, एवढंच वाटतं, आणि उशीर केला म्हणून मी थोडी फणकारतेसुद्धा.

"सरका हो, सरका जरा. आमची जागा आहे पुढे."

ती दारातून गर्दी सारत येते. पायात हंटर शूज, अंगात भावाची जुनी पँट कमरेला दोरीने बांधलेली, पाठीवर ती खाकी सॅक. चेहरा नीट बघायला गेलं की निसटतो. कधी तिशीतला, कधी शेवटच्या महिन्यांतला, गालाची हाडं वर आलेला. आवाज मात्र तोच, टेलिफोनवरचा, जराही न वाढवता समोरच्याला गप्प करणारा.

"बस ना," मी म्हणते.

"ही बाई उभी आहे."

"तुझी जागा आहे ती. मी स्टँडपासून धरून ठेवलीय."

"माणसं उभी आहेत पमे, आणि तू रुमालाला बसवलंयस. शाळेत पोरींना हेच शिकवायचीस?"

"मी भूगोल शिकवायचे."

"ते तर मला कधी खरं वाटलंच नाही," ती म्हणते. "सबंध सह्याद्रीत तुला एकही वाट पहिल्या फटक्यात सापडली नाही."

मी हसते. इतक्या दिवसांत मी मोठ्याने हसलेले नाही, त्यामुळे ते हसू दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतं. टोपलीवालीकडे बघते. ती माझ्याकडे बघत नाही. ती बाकावर हात ठेवून उभी आहे आणि तो बाक माझ्या वर्गातला आहे, कर्कटकाने नावं कोरलेला.

वर्ग भरलेला आहे. पोरी बसलेल्या नाहीत, सगळ्या दांडीला धरून उभ्या आहेत आणि वळण आलं की एकदम कलतात. फळ्यावर मी जिल्ह्याचा नकाशा काढला आहे. वैजू शेवटच्या बाकावर.

"हिरडेमाळ दाखवा, बाई," ती म्हणते.

मी खडू घेऊन शोधते. तालुका सापडतो, नदी सापडते, फाटा सापडतो. फाट्यावरून मी खडू पुढे नेते आणि तिथे फळा संपतो. पुन्हा सुरुवात करते. तालुका, नदी, फाटा. फळा फाट्यापाशीच संपतो.

"फाट्याच्या पुढे किती किलोमीटर?"

"अकरा," मी म्हणते. "पण इथे जागा नाही."

"जागा तर तू धरून ठेवली होतीस ना?"

पोरी हसतात. मी डस्टर घेते आणि सगळा नकाशा पुसायला लागते. खडूची धूळ नाकातोंडात जाते, डोळ्यांत जाते, आणि पुसता पुसता फळ्याला मध्येच एक अर्धगोल भोक पडतं. पलीकडे जाळी आहे. जाळीच्या वर 'चौकशी' असं लिहिलेलं आहे. माझ्यामागे रांग लागली आहे.

जाळीपलीकडे वैजू बसली आहे. कानाला टेलिफोनचं यंत्र लावलेलं.

"बोला."

"हिरडेमाळ किती वाजता?"

"बंद आहे."

"अगं, कुणी सांगितलं?"

"तू," ती म्हणते.

हे आता सांगून टाकायला हवं. झोपेतसुद्धा मी ते टाळत आले आहे.

वैजूच्या वहीचे नियम होते. स्टँडच्या बोर्डावर लिहिलेली असते ती इच्छा, वेळ नव्हे, असं ती म्हणायची. म्हणून प्रत्येक गाडीसाठी तीन माणसांना विचारायचं. एक कंट्रोलर, एक ड्रायव्हर आणि एक स्टँडवरचा चहावाला, कारण गाडी खरी कधी सुटते ते त्यालाच ठाऊक असतं. तिघांचं जुळलं तरच वहीत नोंद. बाजाराच्या दिवशी कुठली गाडी कुठल्या वाडीवरून वळून जाते, कुठली मुक्कामाला थांबते, गावातून पहाटे किती वाजता परत निघते, सगळं त्यात आहे. मग आम्ही स्वतः त्या गाडीने जाऊन आलो की ती नोंदीपुढे एकच शब्द लिहायची, 'समक्ष'. चालत्या गाडीत लिहायची, त्यामुळे अक्षर सगळं वेडंवाकडं. वहीला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली असायची, अजून आहे. आमच्या वहीवरून कितीतरी पोरंपोरी डोंगरांच्या पायथ्याला पोचली. कुणीही फोन करावा आणि वैजूने वही उघडून सांगावं.

शेवटच्या उन्हाळ्यात तिला पोटाचा आजार झाला आणि तो बरा होणारा नव्हता. एक दिवस मी गेले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "पमे, मला एकदा हिरडेमाळला ने. चढायचं नाही. उतरायचंसुद्धा नाही. खिडकीत बसायचं, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, तिवई बघायची, त्याच गाडीने परत. चार-पाच तासांचं तर काम आहे."

मी घाबरले. रस्त्यात काही झालं तर? घाटात फोन लागत नाही. गाडी मध्येच थांबवून, चाळीस माणसांच्या देखत तिचं डोकं मांडीवर घेऊन मी काय करणार होते? तिच्या मुलाला काय सांगणार होते? खरं म्हणजे याच्याही खाली आणखी एक भीती होती. ज्या खिडकीत ती हसत बसायची त्या खिडकीत मला ती तशी, वाळलेली, बघायची नव्हती. मलाच ते बघवणार नव्हतं.

मी म्हटलं, "ती गाडी बंद झाली गं. माणसंच नसतात म्हणे त्या बाजूला."

"कुणी सांगितलं?"

"कंट्रोलरने."

"आणखी कुणाला विचारलंस?"

"ड्रायव्हरला."

"आणि तिसरा?"

"बबन चहावाला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पेन्सिल दे." वही उघडली, हिरडेमाळची ओळ शोधली आणि तिच्यावर काट मारली. रेघ सरळ गेली नाही. वही मिटली आणि सुनेला म्हणाली, "प्रमिलाला चहा टाक." पुन्हा त्या गाडीचं नाव काढलं नाही. भाद्रपदात गेली.

ती गेल्यावर महिन्याने मी तालुक्याच्या स्टँडवर गेले. गाडी खरंच बंद झालेली असू दे, असं मनापासून वाटत होतं. माझ्या खोट्याचं कुणीतरी खरं करून ठेवलेलं असावं, एवढीच आशा. फलाट चारवर गाडी उभी होती. पाटी लावलेली, हिरडेमाळ. बरोबर सव्वाअकराला सुटली. मीच तेवढी तिच्यात बसलेली होते, शेजारी रुमाल टाकून.

"पुढचे लोक खोळंबलेत," जाळीपलीकडून वैजू म्हणते. "काय ते बोल."

"मी खोटं बोलले होते."

"मोठ्याने. लाइन खराब आहे."

"मी खोटं बोलले. गाडी चालू होती. मी कुणालाच विचारलं नव्हतं. मी त्या दिवशी स्टँडवर गेलेसुद्धा नव्हते."

रांगेतली माणसं माझ्याकडे बघतात. वैजू कानावरचं यंत्र काढून ठेवते. आता जाळी नाही. तिचीच खोली आहे, पण पलंगाच्या जागी एसटीचं बाकडं, हिरव्या रेक्झिनचं, एका ठिकाणी फाटून काथ्या बाहेर आलेलं. ती त्यावर आडवी आहे. सलाइनची नळी वर जाऊन छताच्या घंटीच्या दोरीला बांधली आहे. खिडकीबाहेर करवंदीच्या जाळ्या मागे मागे पळताहेत.

मी तिच्या पायाशी बसते. पाय थंड आहेत. मी ते माझ्या हातांत घेते, त्या दिवसांत घ्यायचे तसे.

"मला माहीत होतं," ती म्हणते.

"काय?"

"बबनचं नाव घेतलंस तेव्हाच. बबनला जाऊन दोन वर्षं झाली होती, पमे. आपण दोघींनीच तर पाहिलं. टपरीवर फोटो लावलेला होता, चंदनाचा हार घालून. त्याच्या सुनेने आपल्याला चहा दिला आणि तू तिला म्हणालीस, चव तीच आहे."

मला आठवतं. पायाखालचा दगड निसटावा तसं होतं. फोटो आठवतो, हार आठवतो, चहात आलं जास्त होतं ते आठवतं. इतकी वर्षं तिसरा माणूस म्हणजे बबन, म्हणून खोटं बोलतानाही माझ्या तोंडून बबनच आला. मेलेल्या माणसाची साक्ष काढली मी. आणि ती गप्प राहिली.

"मग तू काट का मारलीस?"

"तू इतकी घाबरली होतीस." ती डोळे मिटून बोलते. "तुला तसं बघवेना. म्हटलं, जाऊ दे."

"तुला जायचं होतं ना पण."

"खूप जायचं होतं."

ती हे इतकं साधं म्हणते की मला रडू फुटतं. मी तिच्या पायांवर डोकं ठेवते. माफ कर म्हणते, पुन्हा पुन्हा म्हणते. ती केसांवरून हात फिरवील असं मला वाटतं. ती फिरवत नाही.

"चुकलंच तुझं," ती म्हणते. "ते मी पुसून टाकू शकत नाही. मला फसवलंस, ते एक वेळ ठीक आहे, मी फसून घेतलं. पण वहीला फसवलंस?"

"मी कुठे? काट तू मारलीस."

"तुझ्या सांगण्यावरून." आता तिला खरोखरच राग आलेला आहे, वहीच्या बाबतीत यायचा तसा. "उद्या कुणी पोरगी ती वही बघेल. हिरडेमाळ बंद, म्हणेल, आणि घरी बसेल. तिवई तिथेच उभी, गाडी रोज रिकामी जातेय, आणि ही घरी. वहीत चुकीची ओळ राहिलीय ना, ती मला टोचते. बाकी मला कशाचा त्रास नाही आता."

"तू कुठे असतेस?" मी विचारते.

"तिसऱ्याला विचार," ती म्हणते आणि हसते. मग बाकड्यावरून उठते, नळीबिळी काही नसतंच, सॅक पाठीला लावते. बाहेर गाडी थांबलेली आहे. हिरडेमाळचं देऊळ, देवळाची ओसरी, जिथे आम्ही कितीदा पथाऱ्या टाकल्या. ओसरीच्या मागून पायवाट निघते. गवत वाळून पिवळं झालेलं, वर तिवईची तीन शिखरं, उन्हात इतकी स्पष्ट की दगडन्‌दगड मोजावा.

ती उतरते. मी खिडकीत.

"वैजू, थांब. मी येते."

"थांबायला मी काय गाडी आहे?"

"मला उठता येत नाही."

खरंच येत नाही. मांडीवर वही आहे आणि वही भिंतीएवढी जड आहे. ती वळून परत येते, खालून खिडकीत हात घालते. तिच्या बोटांत पेन्सिल आहे.

"आधी हे."

"काय लिहू?"

"जे आहे ते."

मी पेन्सिल धरते. तीही सोडत नाही. गाडी उभी आहे तरी हादरते आहे, अक्षर हलतं, शिसं कागदावर टोचतं. तिचा हात गार आहे. मला लिहायचं नाही, कारण लिहून झालं की ती जाईल हे मला कळलेलं आहे. मी हळूहळू लिहायचा प्रयत्न करते. ती मला ढकलते, हसते, "अगं, चार ओळी नाहीत त्या," म्हणते. मग पेन्सिल एकट्या माझ्या हातात असते आणि ती ओसरीच्या मागे गेलेली असते. मागे वळून बघत नाही. मागे बघणाऱ्यांतली ती कधी नव्हतीच, तिला पुढे काय आहे त्याची घाई असायची. वाळलेल्या गवतातून तिच्या सॅकचा खाकी ठिपका वर वर जातो. मी हाक मारते. घंटी वाजते, टिंग टिंग.

टिंग टिंग. कपाळ गजावर आपटतं.

गाडी चालू आहे. तोंडाला कोरड पडली आहे, मान अवघडली आहे, गाल ओले आहेत. मेथीचा वास. बरीच माणसं वाटेतल्या वाड्यांवर उतरून गेली आहेत, पण सगळ्या जागा अजून भरलेल्या आहेत. टोपलीवाली माझ्या शेजारी उभीच आहे. शेजारच्या जागेवर रुमाल आहे. एकच.

मी तो उचलते. गाठ सुटत नाही, इतकी जुनी झाली आहे. तशीच मुठीत धरते.

"बसा," मी तिला म्हणते. "माफ करा. कुणी येणार नव्हतं."

ती माझ्या तोंडाकडे बघते. काय दिसतं तिला कोण जाणे.

"आता काय बसायचं बाई," ती म्हणते. "गाव आलं की. दोन वळनं ऱ्हायली."

तिचं बरोबर आहे. घाटभर मी तिला उभी ठेवली. मग तीच म्हणते, "बरं, दोन तर दोन," आणि टोपली खाली ठेवते. मी उठून तिला खिडकीची जागा देते. ती आत सरकते, पाय मोकळे करते, हुश्श करते आणि बाहेर बघायला लागते.

"हितनं बरं दिसतंय," ती म्हणते. "उभ्यानं नुस्ता रस्ता दिसतो."

दोन वळणं. दोन वळणंसुद्धा पुरली असती वैजूला. खिडकीतून तिवईचं पहिलं शिखर येतं, मग दुसरं, आणि त्या बाईच्या डोक्यावरच्या पदरापलीकडे मी ती बघते आणि रडते. आता लपवत नाही.

"ही तुमची का?" ती विचारते. मी उठले तेव्हा वही सीटखाली पडली होती. ती वाकून उचलते, उलटी पडलेली, पान तसंच उघडं, पेन्सिल दोऱ्याला लोंबते आहे. टोक मोडलेलं.

हिरडेमाळची ओळ. तिच्यावर वैजूची वाकडी काट. आणि काटेच्या शेजारी, समासात, पेन्सिलीने:

'चालू. ११.१५. समक्ष.'

स्टँडवर गाडीत बसल्यावर मी हे पान उघडलं होतं. नेहमीच उघडते. तेव्हा समास कोरा होता. अक्षर वेडंवाकडं आहे, 'क्ष'चा शेपटा पार खालच्या ओळीत गेला आहे. घाटात लिहिलेलं अक्षर कुणाचंही असंच दिसतं. माझंही, तिचंही. शेवटच्या शब्दावर शिसं इतकं जोरात दाबलेलं आहे की कागद फाटला आहे.

गाडी देवळापाशी वळते आणि थांबते. टोपलीवाली उतरते, माणसं उतरतात. मेंगाळ कंडक्टर मागून पुढे येतात, सवयीने माझ्या शेजारून जातात आणि थबकतात. मी उभी आहे.

"बाई, आज उतरताय?"

"उतरते."

"ही गेली की परतीची गाडी सांजच्यालाच हाय. साडेपाच." ते जरा घुटमळतात. "येकट्याच जानार वर?"

"एकटीच."

हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला. फार जड गेला. मी पायरीवरून खाली उतरते, गुडघा कुरकुरतो, धूळ उडते, आणि पायाखाली हिरडेमाळची जमीन असते. ऊन आहे, वारा आहे, ओसरीवर कुणी नाही. पायवाट देवळामागून वर गेलेली आहे आणि तिच्यावरही कुणी नाही. मी खूप वेळ बघते. कुणीच नाही.

साडेपाच, त्यांनी सांगितलं. मी वही उघडते. मोडक्या टोकाने लिहायला जाते आणि थांबते. हा तर एकच झाला. ड्रायव्हर पाण्याच्या टाकीपाशी तोंड धूत उभे आहेत, त्यांना विचारते. तेही साडेपाचच सांगतात. गावात चहाची टपरी नाही. टोपलीवाली अजून वाटेवर दिसते आहे, डोक्यावर टोपली घेऊन चाललेली. मी तिच्या मागे धावत जाते.

"अहो बाई, संध्याकाळची गाडी किती वाजता?"

ती वळते. "साडेपाचला," ती म्हणते. "पन बाजारच्या दिवशी जरा आदीच येती. तुमी पाचला या. माज्या घरी बसा, जागा हाय."